तिसऱ्या अल्बमची तिसरी बाजू

सॉफ्ट मशीनचा ‘थर्ड’ हा दुहेरी अल्बम जून १९७०मध्ये आला, तेव्हा बँड चौघांचा होता. ऑर्गनवर माइक रॅटलेज, बेसवर ह्यू हॉपर, सॅक्सोफोनवर एल्टन डीन आणि ड्रम्स व गाण्याला रॉबर्ट वायट. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना आणि ती साधारण १९ मिनिटांची. रॉक वाजवणारा बँड जॅझकडे वळला तो इथे, असं या अल्बमबद्दल अर्धशतक लिहिलं जातंय. वळला हे खरं. पण सगळ्यांना वळायचं नव्हतं. या अल्बमचा सारा जीव मला त्या ओढाताणीत दिसतो.

बँडची सुरुवात १९६६ची, कँटरबरीच्या मित्रमंडळीतली. लंडनमध्ये ‘अंडरग्राउंड’ नावाने ओळखलं जाणारं जग त्याच वर्षी आकार घेत होतं. ऑक्टोबरात राउंडहाउसमध्ये ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या पत्राच्या प्रकाशनाच्या रात्री पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन दोघेही वाजले. डिसेंबरात यूएफओ क्लब उघडला आणि हे दोन्ही बँड तिथले घरचेच झाले. पुढच्या उन्हाळ्यात सॉफ्ट मशीन फ्रान्सहून परतत असताना मूळ ऑस्ट्रेलियन गिटारवादक डेव्हिड ॲलनला व्हिसाच्या कारणावरून इंग्लंडमध्ये घेतलं नाही. बँडमधली गिटार गेली आणि रॅटलेजच्या ऑर्गनवर सगळा भार आला. लॉवरी कंपनीचा तो ऑर्गन त्याने फझ बॉक्स या सूर फाडणाऱ्या यंत्रातून सोडला होता. त्यात एक अडचण होती. पट्टीवरून बोट उचललं की यंत्र स्वतःच किंचाळू लागे. म्हणून रॅटलेज सूर तोडतच नसे. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, विसावा न घेता धावत राही. अडचणीतून शैली जन्मते याचं इतकं लख्ख उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

१९६८मध्ये जिमी हेंड्रिक्सबरोबरच्या अमेरिका दौऱ्याने त्यांना पार थकवलं. दौऱ्यानंतर बेसवादक केव्हिन एअर्स बाहेर पडला. सामान वाहणारा, गाडी-स्टेजची व्यवस्था बघणारा ह्यू हॉपर त्याच्या जागी आला. १९६९च्या अखेरीस कीथ टिपेटच्या जॅझ मंडळींतले फुंकवादक आले आणि बँड सात जणांचा झाला. एवढा पसारा काही महिनेच टिकला आणि अखेर त्यांतला फक्त डीन उरला. (ब्लूजोलॉजी या बँडमध्ये याच डीनसोबत पियानो वाजवणाऱ्या मुलाने पुढे त्याचं ‘एल्टन’ घेतलं आणि तो एल्टन जॉन झाला.)

पहिली बाजू, हॉपरची ‘फेसलिफ्ट’, बरीचशी ४ जानेवारी १९७०ला क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झाली. त्याला आठवडाभराने बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबमध्ये टिपलेले तुकडे जोडले. ध्वनी खरबरीत आहे, जोड कानाला कळतात, आणि तरी ऑर्गनच्या त्या सुरुवातीच्या आक्रोशाला स्टुडिओची सफाई दिली असती तर तो मेला असता. दुसरी बाजू, रॅटलेजची ‘स्लाइटली ऑल द टाइम’, सुबक आहे, विषम मात्रांत सहज चालते आणि मला थोडी गार वाटते.

तिसरी बाजू वायटची. ‘मून इन जून’. हे गाणं त्याने १९६८मध्ये दौरा संपल्यावर अमेरिकेत मागे राहून, जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून आधी रचून ठेवलं होतं. त्यात त्याच्या आणखी जुन्या गाण्यांचे तुकडे आहेत. अल्बमवरही पहिला अर्धा भाग तो बहुतांशी एकट्यानेच वाजवतो. रॅटलेज आणि हॉपर पुढे सामील होतात, डीन तर यात नाहीच. संपूर्ण अल्बममध्ये शब्द आहेत ते एवढ्याच गाण्यात. वायटचा आवाज उंच, पातळ, नाटक न करणारा. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला घर, पाऊस, शेजारची व्यक्ती जशी आठवते तशी तो ती गातो. शेवटाकडे व्हायोलिन भिरभिरू लागतं आणि तो निघून गेलेल्या केव्हिन एअर्सच्या गाण्यांचे तुकडे गुणगुणतो. बँडमध्ये आता शब्दांना जागा उरली नव्हती. तिथे जुन्या सोबत्याची गाणी अशी आठवणं मला फार हलवतं.

चौथी बाजू, ‘आउट-ब्लडी-रेजस’, टेपच्या वर्तुळांतून हळूहळू वर येते. सूर एकमेकांवर आवर्तनं घेत राहतात आणि ड्रम्स कितीतरी उशिरा येतात. यामागे टेरी राइली या अमेरिकन संगीतकाराचा संस्कार आहे. डेव्हिड ॲलनने पूर्वी पॅरिसमध्ये त्याच्याबरोबर टेपचे प्रयोग केले होते. राइली १९७०मध्येच पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. अब्दुल करीम खाँनी मिरजेत रुजवलं तेच घराणं. ‘थर्ड’मध्ये ख्याल शोधू नये, तो तिथे नाही. पण सुरात बराच वेळ बसून राहायची तयारी असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला या चार-पाच मिनिटांच्या प्रस्तावनेत अडखळायला होणार नाही.

१३ ऑगस्ट १९७०ला बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, या चौघांनी रात्री उशिराचा कार्यक्रम केला. रॉक बँडला तिथे प्रवेश मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षीच्या ‘फोर्थ’वर एकही गायलेला शब्द नव्हता. वायट त्याच वर्षी बाहेर पडला आणि त्याने नवा बँड काढला. जून १९७३मध्ये खिडकीतून पडून तो कमरेखाली कायमचा अधू झाला. ड्रम्स सुटले, गळा उरला, आणि १९७४मध्ये ‘रॉक बॉटम’ आला. त्या अल्बमचं बीज मला ‘मून इन जून’मध्ये स्पष्ट ऐकू येतं. बाकीच्या तिघांना नको असलेली वाटच पुढे सर्वांत लांब गेली.

हॉपर २००९मध्ये गेला, डीन त्याआधी २००६मध्ये. रॅटलेजचं निधन २०२५च्या फेब्रुवारीत झालं. पहिल्यांदा ऐकणार असाल तर क्रम बदला: आधी तिसरी बाजू, मग चौथी. ‘फेसलिफ्ट’ शेवटी, आणि मोठ्या आवाजात.