अर्ली ॲक्सेस टू मेडिसिन्स स्कीम

अर्ली ॲक्सेस टू मेडिसिन्स स्कीम (परवान्यापूर्वी औषध उपलब्ध करून देण्याची योजना) ही युनायटेड किंग्डममधील एक योजना आहे. जीवघेण्या किंवा गंभीररीत्या दुर्बल करणाऱ्या आजारावर समाधानकारक उपचार नसलेल्या रुग्णांसाठी तेथील औषध नियामक संस्थेने (एमएचआरए) ती एप्रिल २०१४ मध्ये सुरू केली.

प्रारंभिक पुराव्यावरून औषधास प्रथम ‘आशादायक नवोन्मेषी औषध’ हा दर्जा मिळतो. परंतु केवळ त्यामुळे ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी संस्था लाभ व जोखीम तोलून वैज्ञानिक अभिप्राय देते. अनुकूल अभिप्राय एक वर्ष वैध असतो आणि त्याचे नूतनीकरण होऊ शकते.

हा अभिप्राय म्हणजे परवाना नव्हे. औषध लिहून देण्याची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते आणि औषधाविषयीची माहिती अद्याप अपुरी असल्याचे रुग्णास समजावून त्याची संमती घ्यावी लागते. या काळात कंपनीने राष्ट्रीय आरोग्य सेवेला (एनएचएस) औषध विनामूल्य पुरवायचे असते. मोठ्या कंपनीस हा भार पेलतो. लहान कंपनीस मात्र तोच अडसर ठरू शकतो.

पहिला अनुकूल अभिप्राय मार्च २०१५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधास, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या प्रगत अवस्थेसाठी मिळाला. युरोपीय संघाचा परवाना त्यास जुलै २०१५ मध्ये मिळाला. अशा रुग्णांच्या दृष्टीने चार महिन्यांचे हे अंतर लहान नव्हते. मे २०२० मध्ये कोविड-१९ च्या रुग्णालयात दाखल असलेल्या गंभीर रुग्णांसाठी रेमडेसिव्हिर याच मार्गाने उपलब्ध झाले.