इंदूर ते मालवण, एका सेकंदात

मालवणात एक बाई आहे असं समजा. घरच्या घरी आमसुलं, आगळ, कुळथाची पिठी आणि मे महिन्यात आंबोशी करून विकते. दुकानाला गाळा नाही, हाताखाली माणूस नाही. माल करणं, बाटल्या भरणं, हिशेब, पार्सल पोस्टात नेणं, सगळं तिचं तीच. तिनं स्वतःच्या नावाचं एक छोटं संकेतस्थळ उघडलं आहे आणि सवड मिळेल तेव्हा त्यावर ती लिहिते. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, तो सोलकढीला. साखरेत मुरवलेला, तो सरबताला. यात गल्लत झाली की सोलकढी गोड होते आणि जेवण बिघडतं, म्हणून तिनं त्यावर एक टिपण लिहून ठेवलं. आता इंदुरातले कुणी मराठी गृहस्थ रात्री साडेदहाला मोबाइलवर ‘कोकम आगळ’ असं शोधतात, तिचं टिपण समोर येतं, ते त्यावर बोट टेकवतात आणि पान उघडतं. जेमतेम एक सेकंद.

या एका सेकंदाबद्दल मी जितकं वाचत गेलो, तितका थक्क होत गेलो. ही बाई एकटी धंदा करते हे खरं, पण त्या सेकंदात तिच्या कामाला येणारी माणसं कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, कॉर्सिका अशी जगभर पसरलेली आहेत. त्यातल्या बहुतेकांनी आपलं काम तिच्यासारख्या अनोळखी माणसाला फुकट वापरू दिलं आहे.

सुरुवात अक्षरांपासून करू. संगणकाला ‘को’ कळत नाही, आकडे कळतात. त्यामुळे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा क्रमांक देण्याचं काम ‘युनिकोड’ नावाच्या संस्थेनं हाती घेतलं. १९९१ साली त्यांची पहिली यादी निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. या यादीत ‘क’चा क्रमांक २३२५, ओकाराच्या मात्रेचा २३७९ आणि ‘म’चा २३५०. म्हणजे मालवणच्या बाईंनी ‘कोकम’ लिहिलं तेव्हा तिच्या यंत्रात २३२५, २३७९, २३२५, २३५० एवढंच उमटलं. इंदूरच्या गृहस्थांनी वेगळ्या कंपनीच्या फोनवर, वेगळ्या कीबोर्डवर, कदाचित बोलून तो शब्द टाकला, तरी त्यांच्या फोनातही हेच चार आकडे, याच क्रमानं. शोधयंत्र जगभरची पानं आधीच वाचून, कोणता शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची करून बसलेलं असतं. आकडे जुळले म्हणून भेट झाली.

हे किती मोठं आहे ते नव्वदच्या दशकातली मराठी पानं ज्यांनी पाहिली त्यांना पटकन कळेल. तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट होता. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत साठायचं भलतंच कुठलं तरी रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला की पानभर कचरा दिसे. आणि शोध? त्या मजकुरात मराठी शब्द नव्हतेच, नुसता त्यांचा आकार होता. मग शोधणार काय? त्या काळात याच बाईंनी आगळावर अख्खं पुस्तक लिहून ठेवलं असतं, तरी इंदुरापर्यंत ते पोचलं नसतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद मराठीला जिवाभावाचा, त्या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये वेगळी जागा आहे. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला मात्र स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ उजाडावं लागलं. मराठीची ही बारीकशी गरज कुणीतरी मनावर घेतली, पाठपुरावा केला, याचं मला फार मोल वाटतं.

हे क्रमांक तारेवरून पाठवायचे कसे, याची आज जगभर चालणारी रीत म्हणजे ‘यूटीएफ-८’. केन थॉम्पसन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत रात्री जेवताना ती टेबलावरच्या कागदी चटईवर मांडली. सोबत रॉब पाइक होते आणि ही हकिगत त्यांनीच पुढे सांगितली. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘कोकम’चे झाले बारा.

पुढचा टप्पा पत्त्याचा. बाईंचं संकेतस्थळ तिच्या घरात नसतं. समजा तिनं मुंबईतल्या एका सर्व्हरवर थोडी जागा भाड्यानं घेतली आहे. त्या सर्व्हरची ओळख म्हणजे एक लांबलचक आकडा, आणि तो कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून नाव. पण नावावरून आकडा शोधून द्यायचा कुणी?

सत्तरच्या दशकात हे काम एका कार्यालयात चाले. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची एक यादी सांभाळत. नव्या यंत्राचं नाव घालायचं तर कचेरीच्या वेळात फोन करायचा. यंत्रं वाढली तशी ती यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी तोड काढली: पूर्ण यादी कुणाकडेच नको, प्रत्येकानं फक्त आपल्या खालच्याचा ठावठिकाणा सांगायचा. आजही तसंच चालतं. इंदूरचा फोन आपल्या सेवा-कंपनीच्या यंत्राला विचारतो. त्याला ठाऊक नसेल तर ते मुळाशी जातं. तिथे ए ते एम अशी १३ नावं आहेत, त्यांच्यामागे जगभर हजाराहून जास्त यंत्रं उभी आहेत, त्यातली काही आपल्या मुंबईतही. मूळ सांगतं, ‘डॉट इन’वाल्यांना विचारा. ते सांगतात, या नावाचा कारभार अमक्या सर्व्हरकडे. तो सर्व्हर शेवटी आकडा देतो. या सगळ्या चौकश्या डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात, कारण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. एकदा मिळालेलं उत्तर वाटेतली यंत्रं काही काळ लक्षातही ठेवतात, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकासाठी एवढी विचारपूसही करावी लागत नाही.

या उतरंडीत मोठ्या बँकेचं नाव आणि मालवणच्या बाईचं नाव अगदी सारख्या पद्धतीनं शोधलं जातं. २०१४ पासून तर ‘डॉट भारत’खाली देवनागरी नावही घेता येतं.

आता कुलूप. पत्त्याच्या पट्टीत दिसणारं, किंवा हल्ली काही ब्राउझरांनी लपवलेलं. या साऱ्या गोष्टीतलं मला सगळ्यात विलक्षण वाटणारं काम इथे होतं. इंदूरचा फोन आणि मुंबईचा सर्व्हर यांची आधीची काही ओळख नाही. त्यांच्यामधल्या तारा दहा परक्यांच्या हातातून जातात. ऑर्डर देताना गृहस्थ आपला पत्ता आणि फोन नंबर पाठवणार, तो वाटेत कुणाला वाचता येऊ नये. त्यासाठी दोघांकडे एकच गुप्त आकडा हवा. पण तो ठरवायचा तर बोलायला हवं, आणि बोलणं तर सगळे ऐकताहेत. चारचौघांत, मोठ्यानं बोलून, फक्त दोघांनाच कळेल असं गुपित ठरवता येईल का?

येतं. कागद-पेन्सिल घ्या. दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरवले: १३ आणि २. फोननं मनात धरला ५. त्यानं २ चा पाचवा घात काढला, ३२, त्याला १३ नं भागलं, बाकी ६. हा ६ त्यानं उघड पाठवला. सर्व्हरनं मनात धरला ८. २ चा आठवा घात २५६, १३ नं भागून बाकी ९. तो ९ त्यानं उघड पाठवला. आता फोननं आलेल्या ९ चा पाचवा घात काढला: ५९,०४९. १३ नं भागून बाकी ३. सर्व्हरनं आलेल्या ६ चा आठवा घात काढला: १६,७९,६१६. १३ नं भागून बाकी ३. दोघांकडे ३ आला, आणि ३ हा आकडा तारेवरून एकदाही गेला नाही. ऐकणाऱ्याच्या हाती लागले १३, २, ६ आणि ९. खरं तर दोघांनीही २ चा चाळिसावाच घात काढला, एकानं आधी आठव्या मग पाचव्या वाटेनं, दुसऱ्यानं उलट.

एवढ्या लहान आकड्यांत चोर सगळ्या शक्यता तपासून गुपित काढेल. पण प्रत्यक्षात आकडे पंचाहत्तरहून जास्त अंकी असतात, गणितही साध्या भागाकाराऐवजी विशिष्ट वक्रांवरच्या बिंदूंचं असतं, आणि बाकीवरून मूळ घात शोधण्याची झटपट वाट आजच्या संगणकांना ठाऊक नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना १९७६ साली प्रसिद्ध केली. राल्फ मर्कल नावाच्या विद्यार्थ्यानं त्याआधी दोन वर्षं बर्कलीत याच दिशेचा प्रकल्प सुचवला होता, तो शिक्षकांच्या गळी उतरला नाही. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यातल्या गणितज्ञांनाही हे सुचलं होतं, पण त्यांच्या कामाची जाहीर वाच्यता १९९७ मध्ये झाली. डिफी-हेलमन यांनी ते उघड्यावर मांडलं म्हणून आज आंबोशीच्या ऑर्डरीला लष्करी संदेशाच्या तोडीचं संरक्षण आहे.

गुपित ठरलं, पण पलीकडे बाईंचाच सर्व्हर आहे, कुणी तोतया नाही, हे कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते दरसाल पैसे मोजून, सोपस्कार करून घ्यावं लागे, आणि छोटे धंदे त्याच्या वाटेला जातच नसत. २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा सुरू झाली. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, मिशिगन विद्यापीठ अशांच्या पुढाकारातून. ती प्रमाणपत्र फुकट देते आणि माणसाला मधे घालत नाही. पद्धत साधी आणि चतुर आहे: सेवा म्हणते, हे नाव तुझं असेल तर त्या पत्त्यावर अमुक अक्षरांची एक फाइल ठेवून दाखव. बाईंचा सर्व्हर ती ठेवतो. सेवेची यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन ती फाइल वाचतात, खात्री करतात, प्रमाणपत्र देतात. मुदत संपत आली की हे सगळं परत, आपोआप. बाई त्या वेळी कोकमं सुकत घालत असते, तिला पत्ताही नसतो.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आता प्रत्येकाच्या हातात आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि इंदूरच्या बँकेतले पैसे मालवणच्या बँकेत काही सेकंदांत जाऊ लागले.

राहिलं ते ज्यात ती लिहिते ते साधन, वर्डप्रेस. त्याची जन्मकथा मला फार आवडते. कॉर्सिका बेटावरच्या मिशेल व्हालद्रिगी यांनी ‘बी२’ नावाचं लिहिण्याचं साधन केलं होतं. पुढे त्यांचा ठावठिकाणा लागेना आणि ते वापरणारे अडकले. पण ते साधन ‘जीपीएल’ या परवान्याखाली दिलेलं होतं. या परवान्यानुसार कुणालाही ते वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतं. अट एवढीच की वाटताना समोरच्यालाही तोच हक्क द्यायचा. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या एकोणीस वर्षांच्या मॅट मुलनवेग यानं जाहीर लिहिलं की आपण हे पुढे न्यावं म्हणतो. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी ‘मी मदत करतो’ असं कळवलं. २७ मे २००३ ला वर्डप्रेस आलं. आज जगातली चाळीस टक्क्यांहून जास्त संकेतस्थळं त्यावर चालतात. एका माणसाचं काम त्याच्या हातून सुटलं, तरी बुडालं नाही, कारण सोडण्याआधीच त्यानं ते सगळ्यांचं करून ठेवलं होतं.

म्हणूनच एकट्यानं धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगतो की समाजमाध्यमांवर खुशाल असा, गिऱ्हाईक तिथे भेटतं, पण स्वतःचं नाव आणि स्वतःचं लिखाण आपल्या ताब्यात ठेवा. समाजमाध्यमावरचं खातं बंद झालं की वर्षांची गिऱ्हाइकी एका दुपारीत दिसेनाशी होऊ शकते. स्वतःच्या नावाला वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. त्याच्या नूतनीकरणाची तारीख दिवाळीच्या खरेदीसारखी आठवणीत असू द्या.

आणि जागा भाड्यानं देणारा त्रास देऊ लागला तर? मालवणच्या बाईनं आपली सारी टिपणं, फोटो, मालाची यादी, जुन्या ऑर्डरी उतरवून घ्यायच्या. दुसऱ्या सर्व्हरवर वर्डप्रेस टाकायचं, तेही फुकट, आणि सगळं तिथे चढवायचं. नव्या ठिकाणी प्रमाणपत्र आपोआप मिळतं. मग नावाच्या नोंदीत जुना आकडा खोडून नवा लिहायचा, एका ओळीचं काम. वाटेतल्या यंत्रांनी लक्षात ठेवलेलं जुनं उत्तर मुदत संपून पुसलं जातं, ती पुन्हा विचारतात, नवा आकडा घेतात. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, सगळं गिऱ्हाईक नव्या जागी येऊ लागतं. पाटी तीच, पत्ता तोच, आगळाचं टिपणही तेच.