न बघता हात कुठे आहे, हे खांद्याला कसं कळतं?

इयरफोन लावलेत ना? मग डोळे मिटा आणि एक हात समोर उचला. थांबा. हात कुठे आहे, कळलं ना? बघितलं तर नाही! न बघता अवयवाची जागा ओळखायची ही जी जाण आहे, तिलाच म्हणतात प्रोप्रिओसेप्शन.

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आत सेन्सर असतो. आपल्या स्नायूंत, कंडरांत आणि सांध्याभोवतीच्या आवरणातही असे सेन्सर आहेत. स्नायू किती ताणलाय, किती जोर लागतोय, ही खबर ते मेंदूला देत राहतात.

पण ही खबर प्रत्येक कोनात सारखी पक्की नसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हात थोडासाच उचलला तर जागा ओळखताना चूक जास्त होते, ९० अंशांजवळ म्हणजे खांद्याच्या उंचीला कमी होते आणि त्याच्या वर गेलं की पुन्हा वाढते. का? हात आडवा असताना त्याचं वजन पेलायला खांद्याला सगळ्यात जास्त जोर लागतो. जोर वाढला की खबरही ठळक होते, असं एक स्पष्टीकरण आहे.

आता साताऱ्याची अदिती स्वामी आठवा. ऑगस्ट २०२३, बर्लिन. वय १७, लक्ष्य ५० मीटरवर, फायनल १४९–१४७ अशी जिंकून पोरगी जगज्जेती! धनुष्याचा हात साधारण खांद्याच्याच उंचीला असतो. नजर लक्ष्यावर, हाताची खबर खांद्याकडून.

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये रौप्य जिंकताना स्नॅचमध्ये ११३ किलो डोक्यावर पेलले. तिथे बार नजरेच्या बाहेर आणि कोनही ९० च्या बराच वर. म्हणून तो कोन सरावानं वेगळा घोटावा लागतो.

आता कामाचं. कबड्डीत, कुस्तीत खांदा निखळतो. दुखायचं थांबलं की आपली पोरं थेट मैदानात! पण निखळताना सांध्याचं आवरण आणि अस्थिबंध ताणले जातात, फाटतात, आणि जागेची जाण मंदावते. ताकद आली तरी ती जाण आपोआप येईलच असं नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टला विचारा, ‘डोळे मिटून, वेगवेगळ्या कोनांत माझा खांदा तपासला का?’ विशेषतः हात वर आणि बाहेर वळलेला असताना, कारण बहुतेकदा खांदा तिथेच सटकतो.

दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नसतं. भेटू पुढच्या भागात!