शस्त्रक्रिया आणि थायरॉइडची गोळी

पांढरकवड्याच्या एखाद्या शाळेतील बाईंची कल्पना करू. पित्ताशयातील खड्यांसाठी त्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यासाठी यवतमाळला जायचे आहे. ‘रात्री बारानंतर पोटात काही घेऊ नका,’ असे त्यांना बजावलेले आहे. पण त्या रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात. त्या दिवशी ती घ्यायची की नाही? शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाचा सल्ला वेगळा! आपण हा प्रश्न विज्ञानाला विचारू.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी असते. आयोडीन वापरून ती जी संप्रेरके तयार करते, त्यांवर हृदयाची गती, शरीराचे तापमान आणि चयापचयाचा वेग अवलंबून असतो. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना १८८३ मध्ये दिसून आले, की संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुस्त आणि मंद होतात. १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी अशाच लक्षणांच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला, आणि ती सुधारली. आजची गोळी म्हणजे त्या अर्काचे शुद्ध, कारखान्यात तयार केलेले रूप.

आता थोडे गणित. रक्तातील थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे ७ दिवसांचा असतो. बाहेरून पुरवठा बंद केला, तर आज १०० भाग असलेले थायरॉक्सिन उद्या सुमारे ९१, आठवड्याने ५० आणि दोन आठवड्यांनी २५ भाग उरेल. म्हणून एखादी गोळी चुकली तर घाबरण्याचे कारण नाही. तरीही सर्वसाधारण पद्धत अशी, की शस्त्रक्रियेच्या सकाळीही ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. मात्र भूलतज्ज्ञांना आधी विचारूनच!

याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जे सावकाश कमी होते, ते भरूनही सावकाश येते. गोळीची मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला ५ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे महिनोन्महिने गोळी टाळून आदल्या दिवशी दोन घेतल्या, तर काहीही साधत नाही. अशा रुग्णाच्या शरीरात भुलीची व वेदनाशामक औषधे हळू निकामी होतात, श्वसन मंदावते, तापमान उतरते आणि शुद्धीवर यायला वेळ लागतो. कमतरता तीव्र असेल तर जिवालाही धोका असतो. म्हणून टीएसएचची तपासणी वेळेवर, काही आठवडे आधी करावी. कमतरता बरीच असेल, तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया डॉक्टर पुढे ढकलतात. अपघातासारख्या प्रसंगी थांबता येत नाही. तेव्हा ‘मला थायरॉइड आहे’ ही एवढीशी माहितीही मोलाची ठरते.

ग्रंथी अतिक्रियाशील असली, तर चित्र उलटे. अशा रुग्णांना कार्बिमॅझोलसारखी औषधे देतात. ती मनाने बंद करून शस्त्रक्रियेला गेल्यास तीव्र ताप आणि बेफाम नाडी असलेले ‘थायरॉइडचे वादळ’ उठू शकते. ते प्राणघातक असते.

आणखी एक गोष्ट. सोयाबीन, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या यांमुळे थायरॉक्सिनचे शोषण कमी होते. कापसाबरोबर सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या भागात हे ठाऊक असलेले बरे. शस्त्रक्रियेनंतर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये सुमारे ४ तासांचे अंतर ठेवावे.

तेव्हा आपल्या बाईंनी काय करावे? गोळीचे नाव, मात्रा आणि टीएसएचचा ताजा अहवाल पिशवीत ठेवावा आणि भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगावे. घातांकांचा पाठ शिकवताना वर्गात १०० पासून सुरू होणारा हा आलेख जरूर काढून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. कुणाच्या तरी घरी ती गोळी असेलच.