दस्ता एक, नळ्या अनेक

मराठी शिकारकथांच्या वाचकाला मचाण, हाका आणि माग हे शब्द परके नाहीत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली आणि हे शब्द पुस्तकांपुरते उरले. जर्मनीत मात्र ते आजही परवाना, परीक्षा आणि कायदा यांच्या चौकटीतले नित्याचे व्यवहार आहेत. तिथल्या शिकाऱ्यापुढचा एक प्रश्न बंदुकीच्या घडणीविषयी बरेच काही शिकवतो : तीन कामांसाठी तीन रायफली घ्याव्यात, की नळी बदलता येणारी एकच?

कामे खरोखरच वेगळी आहेत. रो नावाचे छोटे हरीण संध्याकाळी मचाणावर बसून, रायफल टेकवून, निवांत नेम धरून मारले जाते. रानडुकराचा हाका हिवाळ्यात होतो. जनावर झाडीतून धावत येते आणि बार टाकायला दोन-तीन सेकंदच मिळतात. आल्प्सच्या कड्यांवर शामोआचा माग काढताना रायफल दिवसभर पाठीवर वाहावी लागते आणि अंतरे लांब असतात. त्यात जर्मन शिकार कायदा गोळीची ताकदही ठरवून देतो. रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे. तांबडे हरीण, रानडुक्कर अशा इतर खुरधारी सावजासाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवरची ऊर्जा किमान २००० ज्यूल हवी. जनावर जखमी होऊन पळू नये, हा त्यामागचा हेतू.

नेहमीच्या रायफलीची नळी आट्यांनी घट्ट बसवलेली असते. ती काढणे कारागिराचे काम. बदलत्या नळीच्या रायफलीत ते मालक घरच्या टेबलावर करतो. इस्नी या गावच्या ब्लाझर कंपनीची ‘आर ९३’ (१९९३) आणि तिच्यानंतरची ‘आर ८’ (२००८) ही याची ठळक उदाहरणे. ‘आर ८’मध्ये एका चावीने दोन नट सैल केले की नळी वर उचलली जाते. बोल्ट सरळ मागे-पुढे सरकतो आणि पुढे गेल्यावर त्याच्या टोकाचे पाकळ्यांसारखे कडे फाकून थेट नळीतल्या खाचेत अडकते. स्फोटाचा दाब बोल्ट आणि नळी हे दोघेच पेलतात, म्हणून मधल्या सांगाड्याला फारसा भार येत नाही आणि नळी बदलली तरी जोड पक्का राहतो. दुर्बीणही नळीवरच बसते. त्यामुळे नळी-दुर्बिणीची जोडी एकत्र काढून परत बसवली, तर नेम जवळजवळ जागेवर येतो.

‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जाणकार शिकारी नळी बदलल्यावर निशाण्यावर एक तरी गोळी झाडून पाहतो. खर्चाचा हिशेबही इथेच चुकतो. प्रत्येक नळीला स्वतःची दुर्बीण नसेल, तर दर वेळी नव्याने नेम जुळवावा लागतो. असेल, तर चांगल्या दुर्बिणीची किंमत नळीइतकी किंवा जास्तही होते. लहान काडतुसाकडून मॅग्नमकडे जाताना बोल्टचे डोके आणि काडतुसांच्या पेटीतला साचाही बदलावा लागतो. शिवाय एका कंपनीची नळी दुसरीच्या रायफलीत बसत नाही.

कायद्याचा वाटाही मोठा. जर्मनीत परवानाधारकाला नोंदलेल्या रायफलीसाठी त्याच किंवा लहान कॅलिबरची जादा नळी वेगळ्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येते, मात्र तिची नोंद करावी लागते. कायद्याने बंदुकीची निवड घडवावी, हे आपल्या इतिहासातही झाले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० कॅलिबरवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा व्यास तोच असल्याने या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती होती. त्यातून इंग्लंडच्या कारागिरांनी .४६५ आणि .४७० ही काडतुसे पुढे आणली.

नळ्यांच्या या चर्चेत दस्त्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक नळी बदलते, दस्ता तोच राहतो. खांदा, गाल आणि हात ज्याला सरावतात तो दस्ता, आणि धावत्या डुकरावर नेम लागतो तो याच सरावाने. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून खांद्यापर्यंतचे अंतर, साधारण ३६-३७ सेंटिमीटर असते. पण हिवाळी जाड कोट घातला की तोच दस्ता लांब वाटू लागतो. गाल टेकतो ती कड खाली असेल, तर डोळा दुर्बिणीच्या मध्यावर येत नाही. परीक्षा सोपी आहे. दुकानात, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. मान न हलवता दुर्बिणीतले वर्तुळ पूर्ण दिसले, तर दस्ता आपला.

आकारांत सरळ कडेचा दस्ता धक्का थेट खांद्यात पोचवतो, त्यामुळे नळीचे तोंड कमी उसळते. अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता मचाणावर स्थिर बसतो, पण हाक्यात रायफल झटकन उचलताना त्यात अंगठा घालायला वेळ जातो. डावखुऱ्याने डाव्या हाताची रचनाच मागावी.

सामग्रीचे तीन पर्याय आहेत. अक्रोडाचे लाकूड देखणे, हाताला उबदार. तेलाचा हात दिलेला ओरखडा मालक स्वतः बुजवू शकतो. पण लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्यात आकसते, म्हणून नीट सुकवलेलेच घ्यावे. पातळ थर चिकटवून केलेले लाकूड कमी हलते, मात्र वजनदार असते. कृत्रिम दस्त्याला पावसाची फिकीर नाही, पण तो नेहमी हलका असतोच असे नाही. आणि नळीची जाडी आधीच ठरवावी : बारीक नळीसाठी कोरलेल्या खाचेत जाड नळी बसत नाही.

सर्वांत गंभीर धोका खिशातला. दोन नळ्या म्हणजे दोन प्रकारची काडतुसे. चुकीचे काडतूस चुकीच्या नळीत गेले, तर नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून रानात निघताना बसवलेल्या नळीचीच काडतुसे सोबत घ्यायची, उरलेली घरी कुलपात ठेवायची.

मग तीन नळ्या हव्यातच का? .३०-०६ किंवा ८ × ५७ सारखी एक मध्यम नळी रो हरणापासून तांबड्या हरणापर्यंत कायद्याची अट सहज पुरी करते. पुष्कळ शिकाऱ्यांना तेवढी आयुष्यभर पुरते. दुसरी नळी घ्यावी ती पहिली कुठे अपुरी पडते हे दोन-चार हंगामांत कळल्यावर. दस्त्याची निवड मात्र पहिल्याच दिवशी करावी लागते. ती चुकली, तर जखमी जनावर झाडीत जाते आणि माग काढणाऱ्या कुत्र्यासह त्याचा शोध घेण्यात रात्र सरते.