आधी डबा बांधून पाहा!

गेल्या जूनमधली गोष्ट. डोंबिवलीला ताईकडे गेलो, तो घरात नुसते रण माजलेले! बारावी झालेला भाचा म्हणत होता, “मला यंत्रांचेच शिकायचे आहे.” मेव्हणे म्हणत होते, “बँकेच्या परीक्षेला बस.” ताई बिचारी चहाचे कप घेऊन मध्ये उभी!

“मामा, तुम्हीच सांगा ना बाबांना,” भाचा म्हणाला.

मी विचारले, “अरे, कारखान्यात एक दिवस तरी उभा राहिला आहेस का?”

तो गप्प! मेव्हणे हसू लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे वळलो, “आणि भावोजी, बँकेत तरी याने कधी एक दिवस काढला आहे का?”

हे विचारण्याचा मला थोडा अधिकार आहे. तरुणपणी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात टर्नर म्हणून उमेदवारी केली. यंत्र म्हणजे सारा डोक्याचा खेळ, अशी माझी समजूत! पहिल्याच आठवड्यात कळले की, आठ तास उभे राहायचे आणि तोच जॉब पुन्हा पुन्हा मायक्रोमीटरने मोजायचा. पायांचे दुखणे पंधरवड्यात गेले. मन मात्र रमेना. उलट जेवणाच्या सुटीत कामगारांची पत्रे, अर्ज लिहायला बसलो की भोंगासुद्धा ऐकू येत नसे! पुढे मी लेखणीच धरली. पण ते वर्ष फुकट गेले असे मी कधी म्हणणार नाही. घरी बसून नुसता विचार केला असता, तर हे कळायला दहा वर्षे लागली असती.

ठाणेकरांच्या तर दारातच दाखला आहे. ज्यांच्या नावाचे नाट्यगृह ठाण्यात उभे आहे, ते काशिनाथ घाणेकर शिक्षणाने दंतवैद्य! १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील त्यांच्या संभाजीने रसिकांना वेड लावले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी आधी हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे कामे केली आणि मग १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले. उडी मोठी खरी, पण पाण्याचा अंदाज आधीच घेतलेला!

१९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कारखान्यात काम शिकता शिकता विद्यावेतन मिळते. मात्र तिथे रीतसर करार होतो. म्हणून सही करण्यापूर्वी चार दिवस ते काम जवळून पाहावे, हे उत्तम.

माझ्या एका स्नेह्याचा डोंबिवली एमआयडीसीत लहानसा कारखाना आहे. भाच्याला तिथे नेले. अट एकच : दहा दिवस झाडलोट करायची, सामान उचलायचे, कारागिरांचे काम पाहायचे आणि विचारल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी स्वारी काळ्या हातांनी घरी आली. मेव्हणे वर्तमानपत्राआडून पाहत होते.

“कसे होते रे?” ताईने विचारले.

“आई, पाय फार दुखतात गं,” तो म्हणाला. मेव्हण्यांचा चेहरा खुलला. तोच चिरंजीव पुढे म्हणाले, “उद्या डबा जरा मोठा दे. आणि सातला उठव!”

मेव्हण्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि निमूटपणे घड्याळाला गजर लावला.