इंटर्नशिप पाण्याच्या वाटेवरची

परीक्षा संपत आल्या की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, इंटर्नशिप. कुणाला बँकेत मिळालीय, कुणी सीएच्या ऑफिसात जाणार, कुणी एखाद्या ब्रँडचं सोशल मीडिया सांभाळणार. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट थेट क्रेडिटच्या हिशेबात आले, त्यामुळे आता ही हौस राहिलेली नाही, गरज झालीय. अशा वेळी एखाद्या इंटर्नशिपच्या कामाच्या यादीत 'दगड वाहणे, पायऱ्या रचणे, वाटेवर पडलेली झाडं कापणे, नदीकाठी शौचालयासाठी खड्डा खणणे' असं लिहिलेलं दिसलं तर? अर्ज कराल?

अमेरिकेत दर उन्हाळ्यात काही कॉलेजवयीन मुलंमुली असा अर्ज करतात. ईशान्य अमेरिकेत 'नॉर्दर्न फॉरेस्ट कनू ट्रेल' नावाची एक वाट आहे. वाट म्हणजे रस्ता नव्हे, पाणी. न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड फोर्जपासून मेन राज्यातल्या फोर्ट केंटपर्यंत ७४० मैल, म्हणजे जवळपास १,१९० किलोमीटर. मध्ये व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर ही राज्यं आणि कॅनडाच्या क्वेबेकचा एक तुकडा. नद्या, ओढे, तळी एकमेकांना जोडत वल्हवत जायचं. पनवेलहून पणजीला जाऊन परत यावं, एवढं हे अंतर. आणि तेसुद्धा इंजिनाशिवाय. सलग करायचं ठरवलं तर महिना-दीड महिना सहज लागतो. ही वाट अधिकृतपणे खुली झाली २००६ मध्ये, पण ती कुणी नव्यानं शोधलेली नाही. तिथले मूळ रहिवासी शतकानुशतकं याच पाण्यावरून ये-जा करत होते. त्यांचे जुने मार्ग हुडकून, जोडून ही वाट पुन्हा नकाशावर आणली गेली.

पाण्याच्या वाटेला डागडुजी कशाला?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे. नदी काय, वाहतेच आहे. पण वल्हवणारा माणूस कायम पाण्यात नसतो. धबधबा आला, धरण आलं किंवा दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की होडी बाहेर काढायची, खांद्यावर किंवा चाकाच्या गाड्यावर घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालत न्यायची. याला तिकडे पोर्टेज म्हणतात. शिवाय रात्री तंबू ठोकायला जागा लागते. आता शेकडो माणसं एकाच जागी होडी ओढून काढू लागली की काय होतं, ते आपल्या गडावरच्या वाटा पाहिलेल्यांना सांगायला नको. गवत जातं, मुळं उघडी पडतात, पहिल्या पावसात माती सुटते आणि काठच नदीत घसरतो. जिला बघायला माणसं आली, ती नदी त्याच माणसांच्या पायांनी गढूळ होते.

म्हणून हे इंटर्न. टोळीनं राहतात, तंबूत झोपतात, अवजारं होडीत घालून कामाच्या जागी जातात. उतरायच्या जागी दगडी पायऱ्या रचतात, खचलेला काठ लाकडी ओंडक्यांच्या चौकटीनं बांधून काढतात, मुक्कामाच्या जागा ठीकठाक करतात, दिशादर्शक पाट्या लावतात. दगडी पायरी रचणं वाटतं तेवढं सोपं नाही. सुरुवात खालून करायची. पहिला दगड जमिनीत नीट पुरायचा आणि पुढचा प्रत्येक दगड खालच्यावर थोडा टेकवायचा, म्हणजे वरचं वजन खालच्याला दाबून धरतं. एक दगड डुगडुगला तर सगळी रांग पुन्हा उचलायची. अशा पाच-सात पायऱ्यांत दिवस जातो.

थंडीत तिथं सगळं गोठतं, त्यामुळे कामाचा हंगाम लहान. शनिवार-रविवारी हौशी स्वयंसेवक येऊन हात लावतात. वाटेचे छोटे छोटे टप्पे स्थानिक लोकांनी 'दत्तक' घेतलेले असतात, ते वर्षभर लक्ष ठेवतात. म्हणजे तीन पातळ्या झाल्या: नेहमी नजर ठेवणारे गावकरी, हंगामात जड काम करणारे इंटर्न आणि जमेल तेव्हा येणारे हौशी. मुख्य म्हणजे इंटर्नला कामाचा मोबदला मिळतो. घरून पैसे मागवून सेवा करा, असा प्रकार नाही.

पनवेललाही पाण्याची वाट होती

हे सगळं वाचून 'तिकडे ठीक आहे' असं वाटत असेल तर जरा आपल्या गावाकडे बघू. पनवेल आज ओळखलं जातं ते हायवे, रेल्वे जंक्शन आणि विमानतळासाठी. पण रेल्वे यायच्या आधी पनवेल हे बंदर होतं. मुंबईहून पुण्याला जायचं तर लोक होडीनं खाडीतून पनवेलला उतरत आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा तर या बंदराचं महत्त्व आणखी वाढलं. इथली नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ मध्ये, पुढच्या दहा वर्षांत रेल्वेनं घाटही गाठला आणि पाण्याची वाट हळूहळू मागे पडली.

वाट गेली तरी पाणी आहेच. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी, तिच्या जोडीला काळुंद्रे, तळोज्याच्या बाजूनं येणारी कासाडी. हे सगळं पाणी पनवेलच्या खाडीत आणि तिथून ठाणे खाडीत जातं, समोर घारापुरी. कागदावर पाहिलं तर झकास पॅडलिंग ट्रेल! प्रत्यक्षात मात्र कासाडीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे, विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवलेला आहे, आणि खाडीकाठी भराव, राडारोडा, प्लास्टिक यांची भर चालूच आहे. या सगळ्याची पहिली झळ लागते ती कोळीवाड्याला. जिताडा, चिंबोरी, कालवं यांवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी खाडी हा 'व्ह्यू' नसतो.

आपल्यापैकी किती जण खाडीवरून रोज जातात? हजारो. लोकलच्या किंवा बसच्या खिडकीतून ती दिसते आणि मागे जाते. किती जण तिच्या काठाला उतरलेत? ज्या पाण्यापर्यंत कुणी पोचत नाही, तिथं काय टाकलं जातंय हेही कुणाला दिसत नाही. पाण्याच्या वाटेचा खरा उपयोग इथं आहे. सहल हे निमित्त. माणसं नियमित जातात म्हणून नजर राहते.

आपल्याकडे काय चाललंय?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' या बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात. होड्या बिनइंजिनाच्या, वल्ही त्यांच्या हातात. पर्यटकाला तिवरांची ओळख करून द्यायची, पक्षी दाखवायचे, चार पैसे मिळवायचे. कांदळवन टिकलं तर धंदा टिकणार, त्यामुळे ते राखायला त्यांना वेगळं भाषण लागत नाही. केरळात चालियार नदीवर निलंबूर ते बेपूर असा सुमारे ६८ किलोमीटरचा वल्हवत जाण्याचा उपक्रम होतो, तीन दिवसांचा. त्यात भाग घेणारे जाता जाता नदीतलं प्लास्टिक गोळा करतात. आणि आपल्या शेजारी ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग आहे. २०१५ मध्ये अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर स्थळ.

मग पनवेल खाडीसाठी हंगामी इंटर्न असले तर ते काय करतील? अमेरिकेची नक्कल इथं चालणार नाही. तिकडे वाट मोकळी करायला झाड कापतात, इथं तिवराची फांदी तोडणंही गुन्हा ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन असं स्पष्ट म्हटलं आणि भोवतीची ५० मीटरची पट्टीही संरक्षित ठरवली. म्हणजे इथलं काम वेगळं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर येतात, त्यांना अडकलेलं प्लास्टिक हातानं सोडवायचं. ठरलेल्या जागांचे दर पंधरा दिवसांनी फोटो काढायचे, तारीख आणि लोकेशनसह. भराव दिसला तर ती नोंद वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे पोचवायची. पक्षी मोजायचे. जुन्या बंदराच्या आठवणी कोळीवाड्यातल्या आजी-आजोबांकडून रेकॉर्ड करायच्या. बॉटनी, केमिस्ट्री, हिस्टरी, मास मीडिया, आयटी. प्रत्येकाला पुरेल इतकं काम आहे.

यात शिकवणारे कोण? कोळी काका आणि मावश्या. भरती किती वाजता हे सांगायला त्यांना अॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अंदाज म्हणून हे पक्कं, पाण्यात उतरायचं तर मात्र भरती-ओहोटीचं तक्ताही बघायचं, लाइफ जॅकेट घालायचं, परवानगी घ्यायची आणि जाणत्या माणसाशिवाय जायचं नाही. पावसाळ्यात तर नाहीच. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

एक दिवस नको, एक हंगाम

स्वच्छता मोहिमा आपल्याकडे कमी नाहीत. रविवारी सकाळी जमायचं, ग्लोव्ह्ज, टी-शर्ट, ग्रुप फोटो, वडापाव. वाईट काहीच नाही. पण खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि सोमवारी सकाळी नवा कचरा त्याच जागी असतो. फरक पडतो तो त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्याने. कुठल्या नाल्यातून काय येतं, कधी येतं, हे त्यालाच कळतं. आणि नोंद असेल तर तक्रारीला वजन येतं.

वेळ नाही म्हणाल, तर एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतंच. ते तास वेगवेगळ्या कार्यक्रमांत विखुरण्याऐवजी एका काठाला देता येतील. ओजेटीसाठी कॉलेजला विचारता येईल की असं काम क्रेडिटसाठी धराल का. मोबदल्याचाही प्रश्न विचारायला हवा. कॅन्टीनचा खर्च स्वतः कमावणाऱ्या मुलाला दोन महिने फुकट काम परवडत नाही, आणि कोळीवाड्यातल्या मुलालाच ते परवडलं नाही तर मग खाडी सांभाळणार कोण? महापालिका, कॉलेज, आसपासच्या कंपन्यांचा सीएसआर, यातून थोडा स्टायपेंड निघणं अशक्य नाही. मागणी मात्र आपल्याकडून जायला हवी.

दिवाळीच्या सुट्टीला अजून वेळ आहे. तोवर एवढंच करा. दोघं-तिघं मिळून ओहोटीच्या वेळी जुन्या बंदराकडे चालत जा, कोळीवाड्यात कुणाशी तरी बोला, जे दिसेल ते वहीत लिहा. एनएसएसच्या सरांकडे किंवा ओजेटी कमिटीकडे जाताना ती वही सोबत असली, की बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरणार नाही.